कप उचलून व्हरांड्यात

आमच्या त्रैमासिकाचा एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. संपादक मंडळाच्या बैठकीत एखाद्या लेखाशी आपला काही संबंध असेल, तर त्या लेखाची पाळी आली की आपला चहाचा कप उचलायचा आणि व्हरांड्यात जायचं. का जाता म्हणून कोणी विचारायचं नाही आणि जाणाऱ्यानेही सांगायचं नाही. आत निकाल लागला की कोणीतरी टेबलावर डस्टर आपटायचं, तो आवाज ऐकून परत यायचं. व्हरांड्यात जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायला परवानगी होती, आत चाललेला लेख सोडून.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. जिल्ह्यातल्या विज्ञान शिकवणाऱ्यांनी मिळून एक त्रैमासिक चालवलं होतं, मराठीतून शोधनिबंध छापणारं. वर्गणीदार थोडे आणि त्यातले निम्मे आमचे लेखकच. लिहिणारे तेच, वाचणारे तेच आणि विसरणारेही तेच, असं आमचे संपादक म्हणायचे. ते माझे सर. बी.एस्सी.ला त्यांनीच मला बेडूक कापायला शिकवलं, पुढे त्यांच्याच हाताखाली मी शिकवायला लागले, आणि ते निवृत्त झाल्यावरही शनिवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचे. बैठक तिथेच व्हायची. प्रात्यक्षिकं संपलेली असायची, फॉर्मॅलिनचा वास खोलीत तसाच असायचा आणि त्यातच आम्ही चहा प्यायचो. सवय झाली की माणूस कशातही चहा पितो.

नियमही सरांचाच. सुरुवातीला तसं काही नव्हतं. मग मासवणकडच्या सागावरच्या एका किडीबद्दल लेख आला. तो मंडळातल्या एका गृहस्थाच्या मेव्हण्याने लिहिला होता, तपासायला गेला तो त्या मेव्हण्याच्या साडूकडे आणि ‘उत्कृष्ट’ असा शेरा घेऊन परत आला. अंक लोकांच्या हातात पडल्यावर कळलं की ती कीड सागावर राहतच नाही. सर काही दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत म्हणाले, मेव्हण्याने लिहायचं, साडूने तपासायचं आणि सासऱ्याने छापायचं, यापेक्षा आपण लग्नपत्रिका छापू, खप तरी होईल. त्या दिवसापासून कप बाहेर जायला लागले.

लेखकांची नावं झाकण्याचं काम माझ्याकडे होतं. तपासायला पाठवण्याआधी मी नावावर खळीने कागदाची पट्टी चिकटवायची. त्याचा उपयोग काय व्हायचा तो देवाला ठाऊक. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात मराठी टाइपरायटर मोजके, कोणाच्या यंत्राचा ‘र’ अर्धाच उठतो हे आम्हाला पाठ. आणि उमरोळीच्या माणसाचा माकुणसारला कोणीतरी असतोच. म्हणून खरा भरवसा होता तो व्हरांड्यावर. मला त्या नियमाचा अभिमान होता हे मी सांगून टाकते. मोठ्या शहरातल्या विद्वानांना जमत नाही ते आम्ही एका कपात जमवलंय, असं मला वाटायचं.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझं माहेर खाडीवरचं. वडील मी शाळेत असतानाच गेले आणि आयने आम्हाला कालवांवर वाढवलं. उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडले की बायका लोखंडी टोचा आणि टोपली घेऊन चिखलातून जायच्या, खडकाला चिकटलेली कालवं फोडून आतला गर काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो पालघरच्या बाजारात विकायच्या. माझी फी त्यातूनच गेली. नवरा देशावरचा, बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि आम्ही तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. म्हणजे माहेर खाडीचं आणि सासर कारखान्याचं. तेव्हा या वाक्यात मला काही विशेष दिसत नव्हतं.

एका वर्षी आय बाजारातून भरलेली टोपली तशीच घेऊन माझ्याकडे आली. गिऱ्हाईक हातात घेतं, नाकाला लावतं आणि परत ठेवतं, म्हणाली. मी वास घेतला. रॉकेलसारखा वास होता. गर हिरवट दिसत होता आणि नखाएवढा झाला होता. ती माझ्याकडे आई म्हणून आली नव्हती, मी कॉलेजात शिकवते म्हणून आली होती. कालवं माझ्या टेबलावर ठेवून ती खुर्चीवर बसली आणि मी काय सांगते याची वाट बघत राहिली.

मग जवळजवळ दोन वर्षं मी तिच्याबरोबर ओहोटीला गेले. कारखान्यांच्या वसाहतीचं सांडपाणी आणणारा नाला खाडीला मिळतो तिथला खडक, त्याच्या वरच्या अंगाचा एक आणि पार मुखाजवळचा एक, अशा तीन ठिकाणची कालवं आणून मोजली, तोलली, कापली. वनस्पतिशास्त्राच्या बाई माझ्या मैत्रीण. त्या साडी खोचून चिखलात उतरल्या, बरण्या धरल्या, एकदा पाय घसरून कंबरेपर्यंत आतही गेल्या. त्या दिवशी आय जितकी हसली तितकी मी तिला नंतर कधी हसताना पाहिलं नाही.

लेख लिहिण्याआधी मी नवऱ्याला सांगितलं. तो पाळीवरून येऊन जेवत होता. नाल्यात पाणी सोडणाऱ्यांत त्याचा कारखानाही होता, एकटा नव्हता पण होता. त्याने जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाला, “खरं असेल तेच लिही. फक्त छापून येईल त्याच्या आदल्या दिवशी सांग, म्हणजे मी आठवडाभर रजा टाकतो.” आमच्या घरात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. चांगला माणूस मिळायला नशीब लागतं, असं आय म्हणायची, आणि बहुतेक खरं होतं.

त्याच सुमारास खाडीचा प्रश्न वरच्या एका अधिकाऱ्याकडे गेला. वसाहतीचं पाणी उघड्या नाल्याऐवजी पाइपातून न्यायचं ठरलं होतं आणि पाइपाचं तोंड कुठे काढायचं यावर सुनावणी व्हायची होती. खाडीत काढायचं की आणखी खर्च करून समुद्रात दूर न्यायचं, एवढाच प्रश्न. खाडीत काढलं तर आयचे खडक संपले, हे सांगायला शोधनिबंध लागत नव्हता. पण गावातल्या बायका पहिल्यांदा त्या अधिकाऱ्याकडे गेल्या, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, या विषयावर कुठे काही छापून आलंय का? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आय पुढे झाली आणि म्हणाली, माजी मुलगी छापते.

ती असं का म्हणाली ते मला माहीत आहे. त्रैमासिकाची प्रुफं मी घरी आणून वाचायची. सुट्टीत माहेरी गेले तर तिथेही ओटीवर बसून वाचायची. लाल पेनाने मी खुणा करते, मग कागद छापखान्यात जातात आणि पुस्तक होऊन परत येतात, हे तिने पाहिलं होतं. मी छापते, याचा अर्थ तिच्या लेखी मी ठरवते. तिने ते गावभर सांगून ठेवलं. कोणी विचारलं की म्हणायची, दिवालीच्या आदी येल. सुनावणी दिवाळीनंतर होती आणि आमचा अंक दिवाळीच्या आधी निघायचा, त्यामुळे तिचा हिशोब चुकीचा नव्हता.

लेखाखाली मी दोन ओळी टाकल्या. लेखिकेचं माहेर याच खाडीवर असून आई कालवं विकते. लेखिकेचे पती याच वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. आमच्याकडे असं लिहायची पद्धत नव्हती, पण कप बाहेर नेणाऱ्या माणसांच्या त्रैमासिकात ते शोभेल असं मला वाटलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला. दोन्हीकडून दावं बांधलेलं जनावर आहेस तू, म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे कुठेच ओढली जाणार नाही, बरंच आहे. ते हसले. सरांनी मुद्दाम लेख लांब रत्नागिरीला, आमच्यापैकी कोणाच्या ओळखीत नसलेल्या एका प्राध्यापकाकडे तपासायला पाठवला. तो दोन दुरुस्त्यांसह परत आला आणि खाली ‘अवश्य छापावा’ असं होतं. आता फक्त मंडळाने हो म्हणायचं राहिलं होतं.

बैठकीला आम्ही पाच जण होतो. सर, मी, वनस्पतीच्या बाई, आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि बोईसरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. निर्णयाला निदान दोन माणसं आत हवीत, हाही सरांचाच नियम. दुपारची वेळ होती. कँटीनमधून चहा आला, दोन लहान लेख झाले आणि मग सर म्हणाले, आता कालवं. मी कप उचलला आणि बाहेर गेले.

व्हरांड्यातून समोर कॉलेजचं मैदान दिसायचं. मैदानात कोणीतरी गवत वाळत घातलं होतं. मी कठड्याला टेकून उभी राहिले. मला काळजी नव्हती. चार जण आत होते आणि रत्नागिरीचा शेरा त्यांच्यासमोर होता.

थोड्या वेळाने दार वाजलं आणि वनस्पतीच्या बाई कप घेऊन बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लेखाच्या शेवटी मी त्यांचे आभार मानले होते, चिखलात बरण्या धरल्याबद्दल. तो संबंधच होता. नियम म्हणजे नियम. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यंदा गवत चांगलं झालंय. मी म्हटलं, हो.

मग रसायनवाले आले. ते एका कारखान्यासाठी पाण्याचे नमुने तपासून द्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनी लपवलंही नव्हतं. बरोबरच होतं त्यांचं बाहेर येणं. उलट ते आत बसले असते तर मीच मनात नाव ठेवलं असतं. त्यांच्या कपात बशीएवढाच चहा उरला होता, तो त्यांनी उभ्याउभ्या संपवला आणि बोंबलाच्या भावाबद्दल काहीतरी विचारलं. मी कोळीवाड्यातली, म्हणून बोंबलाचे भाव मला विचारायचे ही त्यांची जुनी गंमत होती. मी भाव सांगितला.

आता आत दोघं होते. दोघं पुरेसे होते.

मुख्याध्यापक बाहेर आले तेव्हा त्यांचा कप भरलेला होता. त्यांनी घोटही घेतला नव्हता. त्यांच्या शाळेला आदल्याच वर्षी वसाहतीतल्या कारखानदारांनी बाकं दिली होती. तोवर मुलं सतरंजीवर बसायची. भला माणूस. कप हातात धरून ते दारातच थबकले, आमच्याकडे पाहिलं, आपण चौघंही बाहेर आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि परत आत जावं की काय असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. पण बाकं खरी होती. ते येऊन आमच्यात उभे राहिले.

लेखाबद्दल बोलायची बंदी होती आणि दुसरं सुचण्यासारखं राहिलं नव्हतं. मला तेव्हा हसू यायला हवं होतं. नंतर हा प्रसंग मी ज्यांना सांगितला ते सगळे हसले आहेत. मला मात्र फक्त एवढं जाणवलं की कप थंड झालाय आणि बोटांना तो थंड आहे की गरम ते नीट कळत नाहीये. आत एकटे सर होते. एकटे सर हो म्हणतील, नियम मोडतील, निदान आम्हाला परत बोलावून विचारतील, असं मी धरून चालले होते. आम्ही चौघंही डस्टरचा आवाज ऐकायला कान लावून उभे होतो.

डस्टर वाजलं नाही. दार उघडलं आणि सर बाहेर आले. त्यांच्या हातात कप होता.

सरांनी नियम मोडला तो एकच, व्हरांड्यात लेखाबद्दल बोलण्याचा. म्हणाले, “सगळे गेल्यावर मी एकट्याने सही करावी असं मनात आलं होतं. पण तुला मी सतराव्या वर्षापासून पाहतोय. माझ्या पोटी मुलगी असती तर ती तुझ्यासारखी असावी असं मला वाटत आलंय. हा संबंध नाही तर काय आहे?”

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगितलं असतं तर मी रडले असते. त्या दिवशी मी म्हटलं, बरोबर आहे सर. आणि ते बरोबरच होतं, हाच सगळा घोळ आहे. त्या व्हरांड्यात एकही लबाड माणूस नव्हता. आम्ही पाचही जण आपापला कप घेऊन उभे होतो, दार सताड उघडं होतं आणि आत टेबलावर माझा लेख आणि रत्नागिरीचा शेरा पडला होता. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या बैठकीला ठेवू, बाहेरचं कोणी सापडतं का बघू. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पुढची बैठक दिवाळीनंतर होती.

संध्याकाळच्या शटलने मी बोईसरला आले. नवऱ्याने विचारलं, रजा टाकू का? मी नाही म्हटलं आणि भात लावला.

आयला सांगायला मी दोन दिवसांनी गेले. ती ओटीवर टोचा घासत बसली होती. मी सगळं सांगितलं, कोण का बाहेर गेलं तेही. तिला वनस्पतीच्या बाई माहीत होत्या, सरही माहीत होते. तिने नीट ऐकलं.

“सगली भायेर गेली?”

“हो.”

“मंग नाय कोन बोलला?”

“नाही असं कोणीच बोललं नाही, आय.”

तिने टोचा खाली ठेवला. मला वाटतं, मी कोणाचं तरी नाव लपवतेय असा तिला संशय आला. मग टोचा परत घासायला लागली आणि म्हणाली, “तू छापतेस ना गो?”

प्रुफं माझ्याकडे होती, हे खरं होतं. छापखान्यातला माणूस मी देईन ते खिळ्यांत जुळवायचा, कोणाला विचारायचा नाही. माझ्या लेखासाठी धरून ठेवलेली पानं त्या अंकात मोकळी राहिली होती आणि ती कशाने तरी भरून दे म्हणून त्याने निरोप पाठवला होता. मी लेख दिला असता तर तो छापून झाला असता, आणि मंडळातल्या चौघांना खरं सांगायचं तर हायसं वाटलं असतं. मी त्या पानांवर गांडूळखतावरचा एक जुना लेख टाकला. त्यात धाडस नव्हतं आणि तत्त्वही नव्हतं. नियम माझ्या हाडात इतका मुरला होता की दुसरं काही करायला हात उठला नाही. गांडूळखताच्या लेखात दोन चुका होत्या, त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या.

सुनावणीला मी आयबरोबर गेले. टाइप केलेली प्रत बरोबर घेतली होती. अधिकारी सभ्य होता. त्याने पानं उलटली, शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि मला विचारलं, हे प्रसिद्ध झालंय का? मी नाही म्हटलं. नाकारलं का? मी म्हटलं, नाकारलंही नाही. मग काय झालं? सगळे बाहेर गेले होते, हे एका सरकारी कचेरीत उभं राहून सांगायला गेलं तर कसं ऐकू येतं, ते मला तिथे कळलं. मी सांगितलं नाही. निर्णय व्हायचा आहे, एवढंच म्हटलं. त्याने प्रत काचेच्या गोळ्याखाली ठेवली.

कारखान्यांच्या वतीने आलेल्या माणसाने एक पुस्तिका दिली. गुळगुळीत कागद, वर खाडीचं रंगीत चित्र, त्यात उडणारे बगळे. पाणी सोडल्याने खाडीतल्या जिवांना कोणताही धोका नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला त्यांनीच पैसे दिले होते आणि छापलीही त्यांनीच होती. त्या पुस्तिकेसाठी कोणी कप घेऊन बाहेर गेलं नव्हतं. ती छापलेली होती. आयने टोपलीतून एक कालव काढून टेबलावर ठेवलं, वास घ्या म्हणाली. अधिकाऱ्याने खरोखर वास घेतला. मग रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाला, बाई, वास फाइलला लावता येत नाही.

परत येताना एसटीत आय माझ्या शेजारी बसली होती. मला राग यायला हवा होता. तो कुठे आहे म्हणून मी शोधत होते, जशी आपण पर्समध्ये सुट्टे पैसे शोधतो, आणि हाताला काही लागत नव्हतं. सरांवर रागवावं तर ते खरं बोलले होते. बाकं परत करा म्हणून मुख्याध्यापकांना कोण सांगणार? रसायनवाल्यांनी आत बसायला हवं होतं असं म्हणावं, तर मग नियम कशाला? आय खिडकीबाहेर बघत होती. गावात उतरल्यावर बायका वाट बघत होत्या. त्यांना तिने सांगितलं, छापाला जरा उशीर झाला. तिने मला सांभाळून घेतलं, हे मला घरी पोचल्यावर समजलं.

पाइपाचं तोंड खाडीत निघालं. दिवाळीनंतरच्या बैठकीत सरांनी बाहेरचा माणूस सापडला नाही असं सांगितलं आणि मी लेख मागे घेतला. आम्ही सगळे पुढेही कितीतरी वर्षं शनिवारी भेटत राहिलो, चहा पीत राहिलो. कोणाशी अबोला धरला नाही. वनस्पतीच्या बाईंनी एकदा काहीतरी बोलायला सुरुवात केली होती, पण मी विषय बदलला. गवत, बोंबील, परीक्षा. आमचा व्हरांड्यातला सराव चांगला झाला होता.

खडक एकदम संपले नाहीत. आधी नाल्याजवळचा गेला, मग वरच्या अंगाचा. खडक जागेवर होते, नुसती रिकामी कवचं चिकटलेली. आय काही हंगाम मुखाजवळ जात राहिली, मग तीही चाल तिला जमेना. दुसऱ्यांकडून सुकी मासळी घेऊन विकायला लागली. टोचा ओटीवरच्या कोनाड्यात होता, तो गंजला. नव्वदीच्या मध्यावर ती गेली. म्हातारपणाने गेली, खाडीने नाही, हेही मला नीट सांगायला हवं. घर बंद झालं आणि माझं तिकडे जाणं थांबलं. नवऱ्याचा कारखाना त्याच्या पुढच्याच वर्षी बंद पडला. मालकाने यंत्रं गुजरातेत नेली, माणसं इथेच ठेवली. नवऱ्याने बोईसर स्टेशनजवळ वह्यापेनांचं दुकान टाकलं. त्याने कधी रजा टाकावी लागली नाही म्हणून टोमणा मारला नाही, त्याचा स्वभावच नव्हता. सर मुलाकडे पुण्याला गेले आणि त्रैमासिक कोणी बंद न करताच बंद झालं.

मग एकदा प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना तो लेख सापडला. कागद पिवळा पडला होता. आकडे अजून खरे होते, खोटे व्हायला कारण नव्हतं. दूरच्या शहरातल्या एका इंग्रजी नियतकालिकाला जुन्या नोंदी हव्या होत्या, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. मी लेखाचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिला. त्यांच्याकडून छापील उत्तर आलं. लेख तपासायला घेण्याआधी लेखकाने एक निवेदन सही करून द्यावं अशी त्यांची पद्धत होती: या संशोधनाच्या विषयाशी आपला वा आपल्या कुटुंबाचा काही हितसंबंध असल्यास तो येथे नोंदवावा.

प्रयोगशाळेत त्याच टेबलाशी मी बसले होते. समोर चहा होता. मी जुन्या लेखाखालच्या दोन ओळी काढून वाचल्या. लेखिकेचं माहेर याच खाडीवर असून आई कालवं विकते. लेखिकेचे पती याच वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. एकेक करून मी दोन्ही तपासल्या, प्रुफं तपासावीत तशा. मग दोन्हींवर काट मारली आणि त्यांच्या निवेदनात लिहिलं, काहीही संबंध नाही. ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

कप उचलायची गरज पडली नाही. मी बसल्या जागी चहा संपवला. लेख पहिल्याच फेरीत स्वीकारला गेला.